पहिलटकरीण आणि कळांची प्रतीक्षा
पहिलटकरणीचे दिवस भरले, तारीख उलटली, तरी कळा येत नाहीत. वडीलधारी मंडळी वाट पाहण्यास सांगतात, डॉक्टर औषधाने कळा आणण्याचे सुचवितात. अशा वेळी निर्णय भीतीपोटी नव्हे, माहितीच्या आधारे व्हावयास हवा.

मुदत निश्चित ठाऊक असून ४१ आठवडे उलटले असतील, तर बाळाचा धोका वाढतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना कळा आणण्याची शिफारस करते. रक्तदाब वाढल्यास तो निर्णय त्याआधीही घ्यावा लागतो. कळा आणल्या की शस्त्रक्रिया अटळ, हा समज मात्र खरा नाही. अमेरिकेतील सहा हजारांहून अधिक निरोगी पहिलटकरणींच्या अभ्यासात (२०१८) ३९व्या आठवड्यात कळा आणलेल्यांपैकी १८.६ टक्के स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाली. वाट पाहिलेल्यांत हे प्रमाण २२.२ टक्के होते.

परंतु ही रुग्णालयातील देखरेखीची गोष्ट झाली. घरी कळांचे इंजेक्शन टोचल्यास गर्भाशय फाटण्याचे, बाळ गुदमरण्याचे भय असते.

या निर्णयाचा पाया म्हणजे पाळीची अचूक तारीख. ती पहिल्या तीन महिन्यांतच नोंदली जावी, हे पाहणे गावातील जाणत्यांचे काम आहे. धोका व पर्याय समजावून सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य. संमती मात्र त्या मातेचीच हवी.