रस्ता सगळ्यांचा, फलक कुणाचा?

(मनोरी येथे तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



मार्वेहून खाडी ओलांडून तुम्ही मनोरीत आलात. गावठाणातून चालताना रस्त्याकडेचे क्रूस पाहिले असतील. वांद्र्यापासून उत्तनपर्यंत ईस्ट इंडियन वस्त्यांमध्ये असे क्रूस आहेत. 1896 च्या प्लेगच्या काळातही मुंबईत पुष्कळ उभे राहिले. काही तर शेजारच्या डांबरी रस्त्याहून जुने आहेत. तरीही एप्रिल 2017 मध्ये वांद्र्याच्या बाजार रोडवरचा एक जुना क्रूस पालिकेने तोडला. तो खासगी जागेत आहे, असे स्थानिक लोक सांगत होते.

म्हणजे हा प्रश्न फक्त आपला नाही. पण आज बोलायचे ते आपल्याबद्दल.

सप्टेंबर 2025 आठवा. कानपूरमध्ये बारावफातच्या वेळी ‘आय लव्ह मुहम्मद’ असा फलक लागला. वाद झाला, गुन्हा दाखल झाला. पोलिसांचे म्हणणे होते की, कारवाई शब्दांवर नाही, नव्या जागी फलक लावल्यावर आहे. त्याच महिन्याच्या शेवटी आपल्या अहिल्यानगरमध्ये हेच शब्द रस्त्यावरच्या रांगोळीत आले. पायदळी नाव आले म्हणून लोक चिडले, रास्ता रोको झाला, लाठीमार झाला. तेच शब्द. एका शहरात ‘लावू द्या’ म्हणून भांडण, दुसऱ्या शहरात ‘रस्त्यावर लिहिले कसे’ म्हणून. शब्दांकडेच पाहत राहिलो तर यातून वाट निघणार नाही. जागेकडे पाहावे लागेल.

माझ्या मते तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, बोलतो कोण? नागरिक बोलत असेल तर कलम 19 आणि कलम 25 त्याच्या पाठीशी आहेत. सरकारी कार्यालय स्वतःच एका धर्माची बाजू घेऊन बोलू लागले, तर तो नागरिकाचा हक्क उरत नाही.

दुसरा, जागा सगळ्यांना सारखी खुली आहे का? अमेरिकेत ओहायो राज्याच्या विधान भवनासमोरच्या चौकात कु क्लक्स क्लॅनला क्रूस उभा करायचा होता. संघटना वंशद्वेषी, कुणालाही नकोशी. पण त्या चौकात इतरांना परवानगी मिळत होती, ज्यूंचा मेनोरा उभा राहिला होता. 1995 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी सांगितले की, चौक सगळ्यांना खुला असेल तर आशय धार्मिक आहे म्हणून एकाला नाकारता येणार नाही. नावडत्यालाही तोच नियम, हा या निकालाचा कणा आहे.

तिसरा, इतरांची वाट, झोप आणि जागा किती अडते, किती काळ? दोन तासांची मिरवणूक वेगळी, कायमचे बांधकाम वेगळे. मिरवणुकीचा हक्क आपल्याकडे 1924 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मान्य केला. ते प्रकरण मुसलमानांमधलेच होते. शियांच्या मातमाच्या मिरवणुकीला सुन्नींची हरकत होती. हक्क मान्य झाला, पण प्रशासनाचे निर्बंध आणि इतरांचा वापर सांभाळून. 29 सप्टेंबर 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, रस्ते, बागा आणि सार्वजनिक जागांवर यापुढे मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा यांचे अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अनिवार्य भाग नाही असे सांगितले. त्याच निकालात रस्ता अडवणाऱ्या उत्सवी मंडपांवरही बोट ठेवले. आपल्याकडे या निकालाचा पहिला भागच आठवतो, आणि समोरच्यांनाही तोच आठवतो.

आता तुमच्या मनातला प्रश्न. नियम सगळ्यांना सारखा, पण बुलडोझर सारखा चालतो का? त्यांची कमान महिनाभर उभी, आमचा झेंडा दुसऱ्या दिवशी खाली. ही तक्रार खोटी नाही. पण ‘त्यांचे बेकायदा चालते, मग आमचेही चालू द्या’ हा युक्तिवाद कोर्टात टिकत नाही. कलम 14 मधली समानता बेकायदेशीरपणातली समानता नव्हे, असे सर्वोच्च न्यायालय वारंवार सांगत आले आहे.

म्हणून कागद हातात घ्या. फलक लावायचा तर वॉर्ड ऑफिसात आधी लेखी अर्ज द्या, पोहोच घ्या. नकार आला तर कारणासह लेखी मागा. त्याच चौकात इतर कुणाला, किती दिवसांची परवानगी मिळाली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. भेदभाव असेल तर तो या कागदांतून सिद्ध होईल, रास्ता रोकोतून नाही. रास्ता रोकोने आपल्याच पोरांवर गुन्हे चढतात. नोकरीच्या, पासपोर्टच्या वेळी पोलीस पडताळणीत ते पुढे येतात.

आणि सण संपला की आपले झेंडे आपणच उतरवू या. फाटलेला, चिखलात पडलेला कलम्याचा कागद पाहून आपल्यालाच वाईट वाटते. ज्या नावावर आपले प्रेम आहे, ते विजेच्या खांबाच्या भरवशावर सोडणे हा त्या नावाचा आदर नव्हे.

शेवटी एवढेच. परवानगीचा अर्ज लिहिताना आपले नाव खोडून शेजाऱ्याच्या मंडळाचे नाव तिथे लिहून पाहा. तरीही ‘परवानगी द्यावी’ असे मनापासून म्हणता आले, तर मागणी हक्काची आहे. म्हणता आले नाही, तर तो आपला हट्ट आहे.