थाळीच्या आवाजावर विसंबू नका

पोरगं दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, तेव्हा घरातलं कुणीतरी म्हणतंच, "त्याचा बापही उशिराच बोलला होता." मग पाठीमागून थाळी वाजवून पाहतात. पोर वळतं, घरचे निर्धास्त होतात. पण थाळीचा दणका ऐकणाऱ्या मुलाला 'स', 'श' असे बारीक आवाज ऐकूच येत नसतील, तर त्याचं बोलणं अडतं. कानात गरम तेल घालून हे सुटत नाही, उलट इजा होते.

म्हणून कानांची खरी तपासणी करून घ्या. ऐकू येतं का हे पाहणारी ओएई चाचणी बाळ झोपेत असताना काही मिनिटांत होते; शंका राहिली तर बेरा ही पुढची श्रवणचाचणी करतात. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, हे जगभर मानलेलं वेळापत्रक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं.

पण पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबं ऊसतोडीला जातात, तेव्हा पथक गावात आणि मूल फडात, अशी चुकामूक होते. जाण्याआधीच तपासून घ्या. मुलाला श्रवणयंत्र लावलेलं असेल तर त्याच्या बॅटऱ्या सोबत ठेवा. मूल वाढतं तसा कानातला साचा सैल होतो, यंत्र शिट्टी मारू लागतं. तेव्हा साचा बदलायचा, यंत्र पेटीत टाकायचं नाही.

बोलताना समोर बसा, तोंडावर उजेड असू द्या. सांकेतिक भाषेनं बोलणं खुंटतं, ही निव्वळ भीती आहे. खुणांना मनाई करू नका. आणि शंका आली की वाट न पाहता मुलाला अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.