वनस्पतींवरील भक्षक कोळी: ओळख, वर्गीकरण आणि जीवनक्रम
(अध्यक्षीय भाषण)

वांगणी-बदलापूर पट्ट्यात भात निघाल्यावर वांगी, भेंडी अशी भाजी लागते आणि ऊन तापू लागले की तिच्या पानांवर पांढुरके ठिपके उमटतात. पान उलटून दहापट भिंगाखाली धरले तर बारीक जाळीआड लाल कोळी, त्यांची गोल अंडी आणि टाकलेल्या काती दिसतात. त्याच गर्दीत एखादे अंडे लांबट आणि बरेच मोठे असते. ते भक्षक कोळ्याचे. मादी जवळच शिरेलगत सापडते: अर्धा मिलिमीटरही न भरणारी, चकाकती, भराभर धावणारी. लाल कोळी खाल्ले असतील तर तिचे अंगही लालसर दिसते, आणि औषधाचा पंप उचलणारा तिलाच कीड समजतो.

हे प्राणी मेसोस्टिग्मॅटा गणातील फायटोसेइडी कुळाचे. जगभरात त्यांच्या अडीच हजारांच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या असून त्या तीन उपकुळांत विभागल्या जातात. जात ठरते ती प्रामुख्याने प्रौढ मादीवरून. पाठीच्या ढालीवरचे केस किती, कुठे, किती लांब, हे मोजले जाते. पोटाकडील ढालींचा आणि शुक्रधानीचा आकार पाहिला जातो. त्यासाठी नमुना पारदर्शक करून काचपट्टीवर चढवावा लागतो, नुसते भिंग पुरत नाही. भारतीय जातींसाठी एस. के. गुप्ता यांचा ‘फॉना ऑफ इंडिया’ मालेतील 1986 चा खंड अजूनही हाताशी ठेवावा लागतो.

केसांवरून नाव कळते, उपयोग कळत नाही. मॅकमर्ट्री आणि क्रॉफ्ट यांनी 1997 मध्ये आहारावरून चार गट मांडले ते याचसाठी. फायटोसेयुलस जवळपास फक्त जाळी विणणाऱ्या कोळ्यांवर जगतो. ते संपले की तोही संपतो. निओसेयुलसच्या काही जाती कोळ्यांना पसंती देतात, पण इतर भक्ष्यावरही निभावतात. तिसरा गट मिळेल ते खाणाऱ्यांचा. चौथ्या गटातल्या युसेयसला परागच अधिक मानवतात. प्रयोगशाळेत तो एरंडाच्या परागावर वाढवता येतो.

अंडे, सहा पायांची अळी, दोन अर्भकावस्था आणि प्रौढ असा क्रम उबदार हवेत आठवड्याभरात पुरा होतो. डोळे नसतात, पुढचे पाय चाचपडतात आणि वास टिपतात. लाल कोळ्याने रस शोषलेले पान जो गंध सोडते, त्याचा माग काढत भक्षक येतो. बहुतेक जातींत समागमाशिवाय मादी अंडी घालत नाही. नरही फलित अंड्यातूनच होतो, मात्र वाढीच्या सुरुवातीलाच पित्याकडची गुणसूत्रे गळून पडतात. निवाऱ्यासाठी शिरांच्या बेचक्यातले केसांचे झुबके किंवा कॉफीच्या पानावर असतात तसे खळगे उपयोगी पडतात.

परिषदेसमोर ठेवण्याजोगा मुद्दा लाल कोळ्यांविरुद्ध सोडायची जात निवडण्याचा आहे. फायटोसेयुलस पर्सिमिलिस चिलीहून आलेल्या ऑर्किडवर जर्मनीत सापडला आणि युरोपच्या हरितगृहांत नावाजला. पण त्याच्या अंड्यांना दमट हवा लागते आणि तिशीपलीकडचे तापमान त्याला झेपत नाही. वांगणीच्या एप्रिलमध्ये त्याच्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. आपल्याकडे सहज आढळणारा निओसेयुलस लाँजिस्पायनोसस उष्णता अधिक सोसतो. तो लाल कोळी थोडे असतानाच सोडावा; जाळ्यांनी शेंडे झाकल्यावर उशीर होतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइडची फवारणी मात्र आधी भक्षकाला मारते, मग लाल कोळी दुपटीने वाढतात.

कोकणच्या नारळावर गोष्ट वेगळी आहे. 1998 मध्ये केरळात नोंदलेला एरिओफाइड कोळी फळाच्या टोपीखाली दडतो. निओसेयुलस बराकी हा भक्षक चपट्या, लांबट अंगामुळे तिथवर शिरू शकतो, पण फळ वाढून टोपीखालची फट रुंदावल्यावरच. त्याहून बारीक असलेला एरिओफाइड तोवर आत पोचून कोवळ्या सालीतला रस शोषू लागलेला असतो.