दुसऱ्याच्या नीतीचा निवाडा

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



स्नेहसंमेलनात गोड बोलावे असा संकेत आहे. तो मोडून मी आज जरा कडू विषय घेतला आहे, याबद्दल क्षमा असावी. येत्या सर्वसाधारण सभेपुढे एक सूचना आली आहे, ती आपणांस ठाऊक आहेच. आपल्या शिक्षणनिधीतून विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती देण्यापूर्वी त्याच्या कुटुंबाचे आचरण चांगले असल्याचा दाखला कार्यकारी मंडळाच्या दोन सभासदांनी द्यावा, अशी ती सूचना. मांडणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु दाखला देणाऱ्याला दाखला कोण देणार, असा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घोळत आहे. जो स्वतः नीतीने वागत नाही, त्याला दुसऱ्याच्या नीतीविषयी बोलण्याचा अधिकार आहे काय?

सामान्यतः आपण चटकन 'नाही' म्हणतो. 'आधी स्वतःचे पाहा' असे म्हटले की समोरच्याचे तोंड बंद होते. पण हे उत्तर मला अपुरे वाटते.

कर्णपर्वातला प्रसंग आपण कीर्तनांतून ऐकला आहे. रथाचे चाक भूमीत रुतले, तेव्हा कर्णाने अर्जुनाला धर्माची आठवण दिली. आणि द्रौपदीची भरसभेत विटंबना झाली तेव्हा तुझा धर्म कोठे होता, असे श्रीकृष्णाने त्याला विचारले. मोरोपंतांमुळे तो प्रश्न मराठी माणसाच्या जिभेवर बसला. श्रोते येथे माना डोलावतात आणि बुवा पुढे जातात. परंतु कर्णाचे म्हणणे खोटे होते काय? अडचणीत सापडलेल्या योद्ध्यावर बाण टाकू नये, हा नियम कर्ण दोषी होता म्हणून रद्द झाला नव्हता. पुढे शल्यपर्वात तर याहून नवल घडते. मांड्या मोडून पडलेला दुर्योधन श्रीकृष्णापुढे पांडवपक्षाच्या कपटांचा पाढा वाचतो. भीष्म कसे पाडले, द्रोण कसे मारले, कर्ण कसा मारला, सारे सांगतो. सांगणारा कोण, तर ज्याने द्यूत मांडले तो! तरीही व्यासांनी त्या क्षणी त्याच्यावर पुष्पवृष्टी करविली आणि पांडवांना लज्जित झालेले दाखविले. सांगणारा वाईट, म्हणून सांगणे खोटे ठरत नाही, हे व्यासांना मान्य होते. आपले कीर्तनकार मात्र हा भाग फारसा लावत नाहीत.

मग अडते कोठे? माझ्या नोकरीच्या काळात शाळेत एक सहकारी होते. त्यांना तपकिरीचे व्यसन. व्यसनाचे दुष्परिणाम ते मुलांना फार उत्तम समजावून सांगत, कारण ते अनुभवाचे बोल होते. आणि मुले ऐकतही. पुढे एका मुलाच्या दप्तरात तंबाखूची पुडी सापडली आणि गुरुजींनी त्याला सर्वांदेखत छडीने मारले. त्या दिवसापासून मुलांनी त्यांचे ऐकणे सोडले. तंबाखू वाईट, हे त्यांचे मत दोन्ही वेळी तेच होते. आधी ते साक्षीदार होते, मग न्यायाधीश झाले, एवढाच फरक.

हाच फरक मोठ्या प्रमाणावर पुण्यात दिसून आला होता. १८९० च्या ऑक्टोबरमध्ये पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारखी नामवंत मंडळी तेथे होती. सभेनंतर चहा आला. कोणी घेतला, कोणी पेला तसाच ठेवला. आनंदीबाईंना अमेरिकेत पाठवून डॉक्टर करणारे गोपाळराव जोशी यांचा या बेतात हात होता. त्यांनीच पुढे उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात प्रसिद्ध करविली. गोपाळराव स्वतः समुद्र ओलांडून अमेरिकेस जाऊन आलेले, म्हणजे त्या काळच्या रूढीप्रमाणे स्वतःच दोषी! तरी मंडळी मिशनमध्ये गेली होती आणि चहा पुढे आला होता, हे खरेच होते. साक्ष म्हणून ती चालून गेली.

खरा अनर्थ नंतर झाला. प्रकरण शंकराचार्यांपुढे गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्ते सांगितली गेली. आपण काशीस प्रायश्चित्त घेतले आहे, असे टिळकांनी सांगितले. दरम्यान भिक्षुक येईनात, पंक्तीला कोणी बसेना. याचा जाच कोणाला झाला? घरातल्या बायकांना आणि म्हाताऱ्या आईबापांना. ज्यांनी मिशनचा उंबरठाही पाहिला नव्हता त्यांना. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, ते अडचणीत सापडलेल्या स्नेह्यांसाठी. त्याबद्दल सुधारकांनीही त्यांच्यावर कठोर टीका केली. मला तो निर्णय दुबळेपणाचा वाटत नाही. असो. चहाचा पेला हा अपराध कसा, असे आज आपल्याला हसू येते. आपण आज ज्याला अपराध म्हणतो, त्याला नातवंडे हसणार नाहीत कशावरून?

आता आपल्या घरात पाहू. ज्ञातीबाहेर लग्न केले, ही आपल्याकडे अनीतीची पहिली खूण मानतात. थोरल्या बहिणीने असे लग्न केले, तर धाकट्या भावाचा अर्ज बाजूला पडणार काय? या सूचनेचा परिणाम तोच होणार, हे आपण जाणतो. दुसरीकडे हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. तरी 'मानपान' आणि 'वरदक्षिणा' या नावांनी काय चालते, ते या मंडपात मी सांगावयास नको. हुंडा घेतलेल्या गृहस्थाने व्यासपीठावरून हुंड्याचा निषेध केला, तर मी त्याला अडवणार नाही. त्याने तो अवश्य करावा. परंतु त्याच गृहस्थाने एखाद्या पोराच्या अर्जावर 'आचरण असमाधानकारक' असा शेरा मारावा, हे मला सहन होत नाही. आणि ज्याने आयुष्यात हुंडा घेतला नाही, त्यानेही तो मारू नये. कारण शेरा पडतो बहिणीवर आणि फी भरावयाची राहते भावाची.

यात कायद्याचाही प्रश्न आहे. जातिबहिष्काराविरुद्ध मुंबई सरकारने १९४९ मध्ये केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द ठरविला. पुढे महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला व तो जुलै २०१७ पासून अमलात आला. समाजातील घटकांमध्ये नीतिमत्तेच्या आधारावर भेदभाव करणे हाही त्यात बहिष्काराचाच प्रकार मानला आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही. आपल्या चिटणीसांनी ठराव लिहिण्यापूर्वी तो कायदा एकदा वाचावा, ही विनंती.

मी त्या सूचनेला उपसूचना देत आहे. अर्जात गुण, उत्पन्न आणि शाळेच्या मुख्याध्यापकांचा विद्यार्थ्यापुरता दाखला, एवढेच मागावे. कुटुंबाविषयीचा रकाना काढून टाकावा. तिला अनुमोदक हवा आहे. ज्यांची इच्छा असेल, त्यांनी सभेच्या आधी आपले नाव चिटणीसांकडे लेखी द्यावे.