देवळाचे अंगण आणि गावचे महिला मंडळ

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यातील महिला मेळाव्यापुढील भाषण)



जुने देऊळ पडझडीतून उभे राहते तेव्हा गावाला नवे बळ येते. कोणी सिमेंट देतो, कोणी लोखंड देतो, कोणी कळसाचा खर्च उचलतो. त्या सर्वांची नावे संगमरवरी पाटीवर कोरली जातात आणि स्मरणिकेत छापली जातात. ते योग्यच आहे. दात्याचे स्मरण ठेवणे हा गावाचा धर्म आहे.

परंतु कोणत्याही गावच्या जीर्णोद्धारात एक देणगी अशी असते की तिची पावती कधी फाटत नाही. पहाटेचा सडा-रांगोळी, गवंड्यांसाठी भरलेले पाणी, महाप्रसादाचे निवडलेले तांदूळ, पंगत उठल्यावर घासलेली पातेली, घरोघर फिरून जमविलेले मूठमूठ धान्य, हे सर्व त्या देणगीत येते. हा धानाचा मुलूख आहे. येथील बाई रोवण्याच्या दिवसांत दिवसभर कमरेत वाकून चिखलात उभी असते आणि तीच संध्याकाळी टाळ घेऊन भजनाला येते. तिच्या या श्रमांना पाटीवर जागा नसते. या विखुरलेल्या श्रमांना एक नाव, एक वार आणि एक वही मिळाली म्हणजे त्यालाच महिला मंडळ म्हणतात. आजचा विषय तोच आहे.

प्रथम एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. खेड्यातील बाईला घराबाहेर चार घटका बसायला जागा कोणती? पुरुषांना पार आहे, चावडी आहे, चहाची टपरी आहे. सौंदड तर हमरस्त्यावरचे आणि रेल्वेच्या वाटेवरचे गाव, तेव्हा मोटार-स्टँडही आहे आणि स्टेशनही आहे. बाईला पूर्वी पाणवठा होता. नळ घरापाशी आले ही चांगलीच गोष्ट झाली, परंतु चार बायकांनी एकमेकींना सुखदुःख सांगायची ती जागाही गेली. उरले देऊळ. "कोठे गेली होतीस?" या प्रश्नाला "देवळात" असे उत्तर दिले की पुढचा प्रश्न येत नाही. एवढी मोकळीक तिला दुसऱ्या कोणत्याही इमारतीने दिलेली नाही. म्हणून देऊळ दुरुस्त होते तेव्हा गावातील स्त्रियांची एकुलती एक सभागृहाची जागाही दुरुस्त होते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

या जागेचे मोल जिने ओळखले अशा एका थोर बाईचे चरित्र येथे सांगण्याजोगे आहे. त्या म्हणजे रमाबाई रानडे. सातारा भागातील देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांची ही मुलगी. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तिचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. सासरी आली तेव्हा तिला अक्षरओळखही नव्हती. पतीने रात्री शिकवावे आणि दिवसा घरातील बायकांनी त्यावरून टोचून बोलावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. १८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. तेथे जाते म्हणूनही या सुनेला घरात फार ऐकून घ्यावे लागले. हे सर्व त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. बोलणाऱ्या बायकांविषयी मनात अढी न ठेवता लिहिले आहे, हे विशेष.

१९०१ साली न्यायमूर्ती निवर्तले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्या काळी विधवा बाईने घराच्या एका कोपऱ्यात जपमाळ ओढीत उरलेले आयुष्य काढावे, अशीच समजूत होती. काही काळ त्याही लोकांपासून दूर राहिल्या. पुढे १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, आणि त्याच्या अध्यक्षपदी रमाबाई आल्या. १९०९ साली पुण्याला सेवासदन सुरू झाले. या कामी गोपाळ कृष्ण देवधर यांची त्यांना मोठी साथ होती. पुण्याच्या कामाला आरंभीची जागा मिळाली ती रमाबाईंच्या राहत्या वाड्यात.

सेवासदनात बायका आल्या त्या कोणत्या? ज्यांना दुसरीकडे दार बंद होते त्या. विधवा आल्या, टाकून दिलेल्या आल्या, वय वाढले पण शिक्षण नाही अशा आल्या. तेथे त्यांना लिहिणे-वाचणे शिकविले, शिवण शिकविले, शिक्षिकेचे शिक्षण दिले आणि ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठविले. परक्या माणसाची सेवा-शुश्रूषा करणे हे घरंदाज बाईला शोभत नाही, असे त्या काळी पांढरपेशा समाजाचे मत होते. ते मत भाषणांनी बदलले नाही. शिकून आलेल्या बायका रुग्णाच्या खाटेपाशी उभ्या राहिल्या, तेव्हा बदलले.

आता देवळाशी जोडलेली गोष्ट. आषाढी-कार्तिकीला आळंदीला माणसांचा पूर लोटतो. त्या गर्दीत म्हातारी माणसे पडतात, पोरे चुकतात, बायांचे हाल होतात. अशा यात्रेत सेवासदनाच्या स्त्रिया स्वयंसेविका म्हणून उभ्या राहू लागल्या. ज्या बायका आजवर यात्रेला फक्त दर्शनासाठी येत, त्या यात्रेकरूंची काळजी वाहण्यासाठी येऊ लागल्या. पदर खोचून, रांगेने उभ्या राहून, अनोळखी माणसाला आधार देणाऱ्या स्त्रिया महाराष्ट्राने देवाच्या दारीच पाहिल्या. रमाबाई येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांकडेही जात. पुढे पुण्यात सक्तीचे शिक्षण मुलांपुरतेच ठेवण्याचा विचार निघाला, तेव्हा १९२० साली मुलींनाही ते मिळावे म्हणून बायका रस्त्यावर आल्या, त्यांतही त्या पुढे होत्या. १९२४ साली त्यांचे देहावसान झाले. कामाची ही परंपरा विदर्भातही पोहोचली. १९२७ साली नागपुरात सेवासदन उभे राहिले.

कोणी म्हणेल, पुण्या-नागपूरची गोष्ट वेगळी, खेड्यात हे कसे व्हावे? त्याचे उत्तर विदर्भातीलच एका संताने देऊन ठेवले आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत 'महिलोन्नती' हा स्वतंत्र अध्याय लिहिला. गावाची घडी बसवायची तर स्त्रीला वगळून ती बसणार नाही, हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभा आहे. गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला आणि आधी गाव झाडले, मग कीर्तन केले. विदर्भाच्या मातीत भक्ती आणि सेवा या कधी वेगळ्या नव्हत्याच.

स्वातंत्र्यानंतर सरकारनेही प्रयत्न केले. १९५२ साली समूह विकास योजना आली, १९५३ साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ निघाले. गावोगावी महिला मंडळे, बालवाड्या आणि शिवणवर्ग सुरू झाले. त्यांतील काही टिकली. पुष्कळ ठिकाणी मात्र असे झाले की अनुदान आटले आणि मंडळही आटले. शिवणयंत्रे कोणाच्या तरी घरी धूळ खात पडली. याचे कारण शोधले पाहिजे. मंडळ वरून आले होते, बायकांच्या स्वतःच्या पैशावर आणि स्वतःच्या निर्णयावर ते उभे नव्हते.

ही उणीव बचत गटांनी बरीचशी भरून काढली. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झाले, १९९२ पासून नाबार्डने गट बँकांशी जोडण्यास आरंभ केला, आणि २०११ पासून 'उमेद' अभियान आले. दहा ते वीस बायका, नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब, अशी ही साधी शिस्त आहे. रक्कम लहान असते, परंतु ती स्वतःची असते. बियाण्याला, पोराच्या फीला, आजारपणाला सावकाराच्या दारी न जाता गटाच्या पेटीतून पैसा मिळतो. शिवाय जिने कधी कागदावर अंगठ्याखेरीज काही उठविले नव्हते ती बाई गटाच्या वहीत सही करते. या सहीची किंमत व्याजात मोजता येत नाही.

बायकांचे मंडळ घरापुरतेच पाहते असेही नाही. शेजारच्या अर्जुनी मोरगाव तालुक्याकडे पाहावे. हा तलावांचा प्रदेश. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेला नवेगावबांध येथून दूर नाही. मालगुजारी गेल्यावर हे तलाव सरकारकडे आले. लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. पुढे पुष्कळ तलाव गाळाने भरले, बेशरमीच्या झुडपांनी वेढले, आणि देशी मासळी कमी झाली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीने तेथील ढिवर समाजाने काही तलावांची निगा पुन्हा हाती घेतली, आणि त्यात स्त्रियांच्या गटांचा वाटा मोठा आहे. बेशरम उपटणे, तलावाच्या तळाशी पाण्यात वाढणाऱ्या देशी वनस्पती लावणे, हे काम बायकांनी चिखलात उतरून केले. वनस्पती वाढल्या तशी मासळीलाही थारा मिळाला. रोवण्याच्या चिखलाची ज्यांना सवय, त्यांना तलावाच्या चिखलाचे भय कसले!

माता-भगिनींनो, आता एक अवघड गोष्ट. ती या अंगणातच बोलली पाहिजे. महिला मंडळाचा मोठा कार्यक्रम म्हणजे संक्रांतीचे हळदी-कुंकू. त्या दिवशी वाण लुटले जाते, उखाणे होतात, हसणे-खिदळणे होते. पण त्याच आळीतील एखादी बाई त्या दिवशी दार लावून घरात बसते, कारण तिचा नवरा वारला आहे. वर्षभर देवळाचा सडा तिने घातलेला असतो. पंगतीची भांडी तिने घासलेली असतात. गटाची बचत तिची एक महिनाही चुकलेली नसते. मात्र कुंकवाच्या करंड्यापाशी तिचे नाव गळते. तिला बोलाविले तर तिलाच संकोच वाटतो, आणि न बोलाविले तर कोणालाच काही वाटत नाही. यात कोणी दुष्ट नसते, सगळ्याच रिवाजाने चाललेल्या असतात. परंतु ज्या सेवासदनाचे उदाहरण आज सांगितले ते एका विधवेने चालविले होते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे रमाबाई दार लावून बसल्या असत्या, तर महाराष्ट्र केवढ्या सेवेला मुकला असता!

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पती निधन पावल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे हे गावाने थांबवावे, असा तो ठराव. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. कागदाने मन लगेच बदलत नाही हे खरे. पण महिला मंडळाने मनात आणले, तर कोणत्याही परिपत्रकावाचून एका संक्रांतीत हे घडू शकते. पहिले वाण त्या बाईच्या हातात द्यावे, एवढेच करायचे आहे. खालमानेने बसलेल्या चार जणी त्या दिवशी मान वर करतील.

पुरुष मंडळींनाही एक विनंती आहे. कायद्याने ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावयाची असते. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या आहेत. कायद्याने जे दिले ते देवळाच्या कारभारातही आपखुशीने द्यावे. महाप्रसादाचा अंदाज बायकांनी काढावा आणि खर्चाचा निर्णय मात्र त्यांना न विचारता व्हावा, हे न्यायाचे नाही. जिने मूठमूठ तांदूळ जमविले, तिला त्या तांदळाचा हिशेब विचारण्याचा हक्क आहे.

मोठ्या योजना सांगण्याची ही वेळ नाही. करता येण्याजोग्या चारच गोष्टी पुरेत. आठवड्यातील एक ठरलेला वार मंडळासाठी सभामंडपात राखून ठेवावा, आणि त्या दिवशी तेथे दुसरे काही नसावे. मंडळाची एक वही असावी, तीत पैशाबरोबर श्रमांचीही नोंद व्हावी. मंडळातील दोन-तीन तरुणींनी आरोग्यसेविका आणि अंगणवाडीताई यांच्याकडून प्रथमोपचार व बाळंतिणीच्या काळजीची माहिती घ्यावी, म्हणजे यात्रा-उत्सवात आळंदीसारखी सेवा येथेही होईल. आणि मंडळाच्या दारी जात, वय, सवाष्ण-विधवा असा भेद कधी नसावा.

देवळाचा जीर्णोद्धार वर्षा-दोन वर्षांत होतो, पैसा जमला की होतो. माणसांमधील जुन्या नात्यांचा जीर्णोद्धार पैशाने होत नाही. त्याला एकमेकींच्या दारी जावे लागते. कळसावर ऊन पडते तेव्हा ते सर्व गावाला दिसते. पायरीवर घातलेला सडा मात्र पाय ठेवणाऱ्यालाच जाणवतो. कळस आणि पायरी या दोन्हींनी मिळूनच देऊळ होते. गावाने दोन्हींचा मान राखावा, आणि आज सभामंडपात मागे भिंतीला टेकून बसलेल्या माउलीने पुढच्या सभेत पुढे येऊन बसावे.

सर्वांचे कल्याण असो.