पैसा आखातात, जमीन सुदानात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



१९ जानेवारी २०११ रोजी इजिप्तमधल्या शर्म अल-शेख या समुद्रकाठच्या गावी अरब देशांचे राज्यकर्ते जमले होते. ही नेहमीची राजकीय परिषद नव्हती. रोजगार, धान्य, वीज, रस्ते आणि शिक्षण एवढ्यावरच बोलायचे असे ठरवून भरवलेली ही दुसरी परिषद होती. पहिली २००९ च्या जानेवारीत कुवेतमध्ये झाली होती. कुवेतच्या अमिरांनी तिथे छोट्या उद्योगांसाठी २ अब्ज डॉलरच्या निधीची कल्पना मांडली होती आणि त्यातले ५० कोटी डॉलर स्वतः देऊ केले होते.

शर्म अल-शेखला अरब लीगचे तेव्हाचे सरचिटणीस अम्र मूसा यांनी जमलेल्या मंडळींना स्पष्टच सांगितले, की गरिबीने आणि बेकारीने अरब माणूस आतून मोडला आहे. पाचच दिवसांपूर्वी ट्युनिशियाचे अध्यक्ष देश सोडून पळाले होते. परिषदेचे यजमान होते होस्नी मुबारक. परिषद संपली आणि सहाव्या दिवशी कैरोच्या तहरीर चौकात तरुणांची गर्दी लोटली. ११ फेब्रुवारीला मुबारकही गेले.

म्हणजे दुखणे काय आहे हे राज्यकर्त्यांना ठाऊक होते. औषधाची चर्चा तर फार जुनी. मग अडले कुठे?

आपल्याकडे 'अरब' म्हटले की तेलविहिरी आणि दुबईचे उंच मनोरे डोळ्यांसमोर येतात. पण अरब लीगचे सदस्य २२. त्यात कतार आहे, तसाच येमेनही आहे. कुवेत आहे, तसाच मॉरिटानियाही आहे. कुणाकडे तेल आहे पण माणसे नाहीत. इजिप्तकडे माणसे आहेत, पण नाईलकाठची चिंचोळी पट्टी सोडली तर जमीन नाही. सुदानकडे जमीन आणि पाणी आहे, पैसा नाही. त्यातून सर्वांची लिखित भाषा एक. सहकार्याला याहून सोयीची मांडणी कोणती असणार? युरोपातल्या सहा देशांनी रोमचा करार १९५७ च्या मार्चमध्ये केला. अरब देशांच्या आर्थिक एकतेचा करारही त्याच वर्षी जूनमध्ये झाला. सुरुवात उशिरा झाली, असे कुणी म्हणू शकणार नाही.

संस्थाही उभ्या राहिल्या. कुवेत १९६१ च्या जूनमध्ये स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने अरब देशांना विकासासाठी कर्ज देणारा निधी काढला. त्याची अगदी सुरुवातीची कर्जे ज्यांना मिळाली, त्यांत सुदानची रेल्वे होती. शेजारचा इराक आपल्यावर हक्क सांगत असताना या चिमुकल्या देशाला मित्र हवे होते, हे उघड आहे. पण धरण, बंदर, रूळ यांसाठी सवलतीचे कर्ज मिळत असेल, तर घेणाऱ्याने हेतू किती तपासायचा? पुढे सर्व अरब देशांचा मिळून 'अरब फंड' झाला. त्याचा करार १९६८ चा आणि प्रत्यक्ष काम १९७४ पासूनचे. मुख्यालय कुवेतमध्येच.

आता सुदानची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण सगळे त्यात आहे.

१९७३ च्या युद्धानंतर तेलाचा भाव चौपट झाला आणि आखातात पैसा मावेना. त्याबरोबर एक भीतीही आली. आपण तेल रोखले, तसे उद्या पाश्चात्त्यांनी धान्य रोखले तर? तेव्हा नजर गेली सुदानकडे. शेतीलायक जमीन २० कोटी फद्दान असल्याचे सांगितले जाई. फद्दान म्हणजे एकराहून किंचित जास्त. पांढरी नाईल आणि निळी नाईल खार्टूमजवळ एकमेकींना मिळतात. सुदान हे 'अरबांचे धान्याचे कोठार' होणार, असे शब्द तेव्हा सर्रास वापरले गेले. अरब फंडाने आराखडा केला आणि १९७६ मध्ये शेतीत पैसा गुंतवणारी अरब देशांची एक स्वतंत्र संस्था खार्टूममध्ये मुख्यालय ठेवून सुरू झाली.

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना त्यातला केनानाचा साखर कारखाना नीट समजेल. पांढऱ्या नाईलचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवायचे, हजारो एकर ऊस पिकवायचा आणि जगातल्या मोठ्या कारखान्यांपैकी एक तिथे चालवायचा, अशी ती योजना. भांडवल सुदान सरकारचे, कुवेतचे, सौदी अरेबियाचे. १९८१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले, तोवर खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट झाला होता. यंत्रसामग्री यायची ती पोर्ट सुदान बंदरातून, आणि तिथून कारखान्यापर्यंतचा रस्ता-रूळ हा सगळा वेगळाच प्रकल्प. तरीही कारखाना चालला, साखर निघाली. मी तरी त्याला अपयश म्हणणार नाही.

पण बाकी कोठार भरलेच नाही. डिझेलची टंचाई, देशावर कर्जाचा डोंगर, १९८३ मध्ये दक्षिणेत पुन्हा भडकलेले यादवी युद्ध. पावसाच्या भरवशावर ट्रॅक्टरने मोठमोठी शेते नांगरली गेली. ती मिळाली शहरातल्या व्यापाऱ्यांना आणि सरकारच्या मर्जीतल्यांना, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुरे चारणारे हटवले गेले. १९८४-८५ मध्ये या 'कोठारा'तच दुष्काळाने माणसे मेली. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि पैशाचा ओघही आटला.

सौदी अरेबियाने दरम्यान काय केले ऐका. त्याने स्वतःच्या वाळवंटात गहू पेरला! हजारो वर्षांपूर्वी जमिनीखाली साठलेले, पुन्हा न भरणारे पाणी उपसून आणि सरकारी तिजोरीतून भरमसाट भाव देऊन. १९९० च्या आसपास हा देश जगातल्या मोठ्या गहू निर्यातदारांत मोजला जाऊ लागला. पाणी संपत चालल्याचे दिसल्यावर २००८ मध्ये माघार ठरली आणि २०१६ पर्यंत सरकारी खरेदी बंद झाली. तांबड्या समुद्रापलीकडे नाईल वाहत असताना हे घडले. शेजाऱ्याच्या पाण्यावर अवलंबून राहण्यापेक्षा स्वतःच्या खडकातले पाणी संपवणे त्यांना सुरक्षित वाटले. २००८ मध्ये जगभर धान्य महागले, तेव्हा आखाती कंपन्या पुन्हा सुदानकडे वळल्या; पण तिथे त्यांनी पिकवला तो बराचसा आपल्या दुभत्या जनावरांसाठी लसूणघास.

पैशाचे हे, तर माणसांचे काय? येमेनी मजूर सौदी अरेबियात दशकानुदशके काम करत. त्यांना स्थानिक जामीनदाराची अट नव्हती, जवळजवळ घरच्यासारखी वागणूक. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले. येमेनने संयुक्त राष्ट्रांत इराकवर लष्करी कारवाईला विरोध केला, आणि सौदी अरेबियाने ही सवलतच काढून घेतली. काही महिन्यांत सुमारे ७ ते ८ लाख येमेनी परतले. घरी येणारा पैसा थांबला आणि नुकताच एक झालेला तो देश त्यातून सावरलाच नाही. युद्धानंतर कुवेतमधल्या पॅलेस्टिनींचेही तसेच झाले. आपली माणसेही तेव्हा कुवेतमधून अम्मानमार्गे विमानांनी मुंबईत उतरत होती. कोकणातल्या कित्येक घरांना तो काळ आठवत असेल. फरक एवढाच, की आपली माणसे लवकरच पुन्हा आखातात जाऊ शकली.

मग टिकले काय? विजेच्या तारा टिकल्या. आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांनी आपली वीजजाळी जोडायचे ठरवले, तेव्हा तांत्रिक पेच असा होता, की सौदी अरेबियाची वीज ६० हर्ट्झची आणि इतरांची ५० हर्ट्झची. सरळ जोडता येत नाही. मग सौदी अरेबियात फादिली येथे एक केंद्र बांधले. एका बाजूची वीज तिथे डीसी करतात आणि दुसऱ्या बाजूला हव्या त्या हर्ट्झची करून सोडतात. २००९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. एका देशातला संच बंद पडला, तर शेजारून वीज येते. यावर कुणी भाषणे केल्याचे फारसे ऐकिवात नाही, आणि कदाचित म्हणूनच ते चालले असेल.

तसेच नळाचे. २०१७ मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले. विमाने बंद, बोटी बंद, सीमा बंद. पण कतारचा नैसर्गिक वायू समुद्राखालच्या नळाने अमिरातीला जातच राहिला. भांडण २०२१ पर्यंत चालले. त्या काळात अमिरातीतले दिवे काही अंशी कतारच्या वायूवर लागत होते.

मात्र नळ असला की सगळे साधते असे नाही. अल्जीरियाचा वायू मोरोक्कोमार्गे स्पेनला नेणारा नळ १९९६ पासून होता. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर अल्जीरियाने तो बंद केला. या दोन शेजाऱ्यांमधली जमिनीवरची सीमा तर १९९४ पासून बंद आहे, आणि दोघेही १९८९ मध्ये स्थापन झालेल्या मगरेब संघाचे सदस्य! अरब देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच घुटमळतो. २००५ पासून बऱ्याच अरब देशांनी परस्परांच्या मालावरचे आयात शुल्क काढले, तरीही. जकात उठली, पण सीमेवरचा शिपाई, परवाना आणि व्हिसा तिथेच राहिले.

आणि सुदान? २०११ मध्ये त्याचा दक्षिण भाग वेगळा झाला. १५ एप्रिल २०२३ ला खार्टूममध्ये लष्कर आणि निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले. त्या डिसेंबरात लढाई गेझिराच्या कालव्यांच्या प्रदेशात शिरली. १९२५ पासून भिजणारी ती जमीन, देशातली सर्वांत भरवशाची. १ कोटीहून अधिक माणसे घरादाराला मुकली आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये दारफुरच्या झमझम छावणीत दुष्काळ पडल्याचे अधिकृतपणे नोंदले गेले.

युद्धाच्या पहिल्या आठवड्यांत पोर्ट सुदानच्या धक्क्यावरून बोटी सुटत होत्या. तांबडा समुद्र ओलांडून त्या समोरच्या जेद्दाला जात. आपल्या नौदलाच्या जहाजांनी भारतीयांना आणले तेही याच वाटेने. १९७६ च्या आराखड्यातले धान्य याच बंदरातून आखाताकडे निघायचे होते.