छातीतले राखणदार



आज आम्ही छातीविषयी बोलणार आहोत. खोकला कोणाला नवा नाही. चुलीत पळाट्या, तुराट्या घातल्या की घर धुराने भरते. सोयाबीनची रास करताना मळणीयंत्राचा भुसा नाकातोंडात जातो. लातूरच्या दाळमिलमध्ये पोती उचलणारा, नांदेडकडे कापसाच्या जिनिंगमध्ये राबणारा, यांच्या तर रोजच्या श्वासात धूळ. वरून बिडी आहेच. ही सारी घाण जाते कुठे?

जाडी धूळ नाकात अडकते. बारीक धूर पार आत जातो. फुफ्फुसात कोट्यवधी बारीक फुगे आहेत. हवेतला प्राणवायू तिथेच रक्तात शिरतो. या फुग्यांत राखणदार पेशी असतात. घर विटांचे, तसे शरीर पेशींचे. या राखणदार पेशी धूळ आणि रोगजंतू चक्क गिळतात. काम आवरेनासे झाले की त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना हाक मारतात. त्या येतात आणि तिखट रस सोडतात. जंतू विरघळतात. मग सूज उतरते, खोकला थांबतो.

पण धूर रोजचाच असला तर? मग लढाईही रोजची. तो रस आपल्याच फुग्यांच्या भिंती खाऊ लागतो. भिंती पडून लहान लहान फुग्यांचा एक मोठा, ढिला फुगा होतो. हवा आत कोंडते. चार पावले चालले की दम लागतो. लोक म्हणतात, वय झालं, आता असंच चालायचं. आम्हाला हे पटत नाही. जन्मभर चुलीशी बसलेली, कधी बिडी न ओढलेली बाईसुद्धा अशी धापा टाकते. पडलेल्या भिंती पुन्हा उभ्या राहत नाहीत, हे खरे. पण धूर आणि बिडी सुटली की पडझड मंदावते.

कॅन्सरची तऱ्हा निराळी. बिडीच्या धुराने एखादी पेशी बिघडते आणि बेसुमार वाढू लागते. राखणदार अशा पेशीला मारतात. पण ती लबाड असते. ओळखीच्या माणसाने चुचकारले की कुत्रे भुंकायचे थांबते ना, तशी ती राखणदाराला खूण करते. राखणदार गप्प बसतो. ही खूण तोडण्याची वाट अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकू होन्जो यांनी दाखवली. २०१८ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यावरून निघालेली औषधे फुफ्फुसाच्या कॅन्सरवर देतात. ती महाग आहेत, सगळ्यांना लागू पडत नाहीत. आणि मोकळे सुटलेले राखणदार कधी कधी चांगल्या फुफ्फुसावरच धावून जातात.

आता कामाची गोष्ट. क्षयाचा खोकला आणि कॅन्सरचा खोकला वरून सारखाच दिसतो. दोन्हीत रक्त पडू शकते, दोन्हीत माणूस वाळतो. म्हणून कैक जणांचे महिने क्षयाच्या गोळ्यांत जातात आणि गाठ वाढत राहते. खोकला दोन आठवड्यांवर गेला की सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. तिथे पैसे पडत नाहीत. गोळ्या नेमाने घेऊनही उतार नसेल, तर लातूरच्या किंवा नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन छाती पुन्हा दाखवावी. जाताना छातीचा जुना फोटो घेऊन जावा. जुना आणि नवा शेजारी धरला की डाग वाढला की आटला, हे डॉक्टरांना लगेच दिसते.